कॉर्न स्नेकचं जेवण: जाडी बघून की वजन करून, पाच दिवसांनी की पंधरा?

निपाणीहून भाच्याचा फोन आला. "मामा, दर पाच दिवसांनी घालतोय की खायला. पण वाढतोय का नुसता फुगतोय, काय कळंना झालंय."

त्याचा कॉर्न स्नेक (मूळचा अमेरिकेतला, घरी पाळला जाणारा बिनविषारी साप) आणि बेळगावात माझ्याकडे असलेला, दोन्ही एकाच मोसमात अंड्यातून निघालेली पिल्लं. आता दोघं दोन वर्षांची. त्याला म्हटलं, आधी वजन कर, मग बोलू. माझा भरला 210 ग्रॅम, त्याचा 290. लांबी मात्र दोघांची सारखीच, तीन फुटांच्या जरा वर. जादाचे 80 ग्रॅम चरबीत गेले होते.

माया दोघांनीही सारखीच केली. फरक पडला तो दोन गोष्टींत: उंदीर केवढा द्यायचा हे कशावरून ठरवायचं, आणि दोन जेवणांच्या मध्ये किती दिवस जाऊ द्यायचे. साप आणायच्या बेतात असलेल्यांना, किंवा आणून गोंधळात पडलेल्यांना, दोन्ही रीती शेजारी ठेवून बघता याव्यात म्हणून हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. पिल्लू 20-25 ग्रॅमचं होईपर्यंत जाडी बघा, त्यानंतर वजनकाटा वापरा. आणि आपल्या भागातल्या हवेत उंदीर थोडा लहान नि अंतर थोडं जास्त ठेवा.

केवढा उंदीर?

जाडीची रीत सोपी. सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग जेवढा असेल तेवढाच जाड, फार तर दीडपट जाड उंदीर द्यायचा. काटा नको, आकडेमोड नको. नवखा माणूस मात्र अंगाऐवजी सापाचं डोकं बघतो आणि घाबरतो. बोटाच्या पेराएवढं ते डोकं, त्यात उंदीर मावणार कसा? सापाच्या खालच्या जबड्याच्या दोन फाका हनुवटीपाशी हाडानं सांधलेल्या नसतात, ताणल्या जाणाऱ्या तंतूंनी जोडलेल्या असतात. त्यामुळं त्या दोन्ही बाजूंना फाकतात आणि आळीपाळीनं पुढं सरकत भक्ष्य आत ओढतात. जबडा निखळतो असं लोक सांगतात, तसं काही होत नाही. डोकं बघून उंदीर निवडलात तर साप अर्धपोटी राहील.

अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू साधारण 6 ते 8 ग्रॅमचं असतं. त्याला जाडीचीच रीत बरी, कारण वजनाच्या रीतीत सापाच्या वजनाच्या ठरावीक टक्के उंदीर देतात, आणि इथं ती टक्केवारी कामाची नाही. 7 ग्रॅमच्या पिल्लाचे 15 टक्के म्हणजे जेमतेम 1 ग्रॅम. केस न फुटलेलं गुलाबी उंदीरपिल्लू, ज्याला सगळे पिंकी म्हणतात, तेच दीड-दोन ग्रॅमचं असतं. म्हणजे सापाच्या वजनाच्या पाव हिश्श्याएवढं जेवण. तरी ते पचतं, कारण पिंकीची हाडं मऊ असतात, अंगावर केस नसतात आणि बरंचसं पाणीच असतं. या वयात पिंकी जितकी ताजी जन्मलेली नि लहान, तितकी चांगली.

पुढं मात्र जाडीची रीत दगा देते. साप लठ्ठ झाला की त्याचा जाड भाग आणखी जाड होतो, त्यावरून निवडलेला उंदीर मोठा निघतो, आणि तो खाऊन साप आणखी जाड होतो. मोजमापच सापाबरोबर फुगत जातं. भाच्याकडे नेमकं हेच झालं. तो प्रत्येक वेळी मापात उंदीर दिल्याचं सांगत होता आणि त्याच्या परीनं ते खरंही होतं.

वजनाच्या रीतीत लठ्ठ सापाचा आकडा मोठाच येतो, हे मान्य. पण वहीत तारखेपुढं ग्रॅम लिहिलेले असले की महिन्याभरात मारलेली उडी डोळ्यांवर येते. शिवाय साप वाढेल तसा टक्का खाली आणायचा असल्यानं हात आपोआप आवरला जातो. 25 ते 100 ग्रॅमच्या वाढत्या सापाला त्याच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के, 100 ते 250 पर्यंत 10 टक्क्यांच्या आसपास, आणि पूर्ण वाढलेल्याला 5 ते 8 टक्के. म्हणजे 50 ग्रॅमच्या सापाला 5 ते 7 ग्रॅमचा फझी (अंगावर लव आलेलं पिल्लू), 100 ग्रॅमच्याला 10-12 ग्रॅमचा हॉपर (उड्या मारायला लागलेलं पिल्लू), 200 ग्रॅमच्याला 20 ग्रॅमचा वाढलेला पण लहानखुरा उंदीर, आणि 400 ग्रॅमच्याला 25-30 ग्रॅमचा भरलेला उंदीर. कॉर्न स्नेकला यापेक्षा मोठं भक्ष्य जन्मभर लागत नाही. पांढऱ्या घुशीएवढे रॅट द्यायची हौस काहींना असते. माझ्या मते या सापाला त्याची गरज नाही.

काटा स्वयंपाकघरातला, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा चालतो, फक्त तो सापासाठीच वेगळा ठेवा. झाकणाचा डबा ठेवून आकडा शून्यावर आणायचा, मग डब्यात साप. जेवणाआधी, शक्यतो विष्ठा झाल्यानंतर वजन करायचं, नाहीतर पोटातला उंदीरच मोजला जातो.

काट्याइतकाच हातही उपयोगी पडतो. निरोगी कॉर्न स्नेक आडवा कापला आहे अशी कल्पना केली तर तो लादीपावासारखा दिसावा: खाली सपाट, वर गोलसर. पाठीचा कणा धारेसारखा हाताला लागला तर खाणं कमी पडतंय. अंग नळकांड्यासारखं गोल, वळताना खवल्यांच्या मधली कातडी उघडी पडतेय आणि शेपटी जिथं सुरू होते तिथं फुगवटा आहे, तर जास्त होतंय. भाच्यानं पाठवलेल्या फोटोत साप आरामात पसरलेला असतानाही खवल्यांच्या मध्ये फिकट कातडीच्या रेघा दिसत होत्या. आकडा बघायच्या आधीच मला कळून चुकलं होतं.

किती दिवसांनी?

इथं दोन टोकं आहेत. एका बाजूला दर चार-पाच दिवसांनी भरपूर खाऊ घालून साप झपाट्यानं वाढवणारे. याला पॉवर फीडिंग म्हणतात. पैदास करणाऱ्यांना मादी लवकर मोठी हवी असते, त्यातून ही सवय पसरली. दुसऱ्या बाजूला मोठ्या सापाला तीन-तीन आठवडे काही न देणारे. घरी पाळलेला साप 15 ते 20 वर्षं सहज जगतो, त्यामुळं दोन वर्षांत त्याला मोठा करण्यात मला काही लाभ दिसत नाही. यकृतावर चरबी चढते, मादीची अंडी अडकतात, आयुष्य घटतं.

भाच्याचा आणि माझा गेल्या तीन महिन्यांतला हिशेब मांडून बघितला. तो दर पाच दिवसांनी 26 ग्रॅमचा एक उंदीर देत होता, म्हणजे महिन्याला सहा उंदीर, 156 ग्रॅम. मी दर दहा दिवसांनी 19 ग्रॅमचा, म्हणजे महिन्याला तीन, 57 ग्रॅम. एकाच वयाच्या, एकाच लांबीच्या दोन सापांना जवळपास तिप्पट फरकानं खाणं चाललं होतं. नुसता उंदराचा आकार बघितला असता तर फरक फार वाटला नसता. म्हणून आकार आणि अंतर यांचा निर्णय वेगवेगळा घेऊ नका; महिन्याचे ग्रॅम मोजा.

माझं वेळापत्रक असं: 25-30 ग्रॅमपर्यंत दर पाच ते सात दिवसांनी, 100 ग्रॅमपर्यंत आठवड्यातून एकदा, मग 250 पर्यंत दहा दिवसांनी, आणि वाढ पूर्ण झाल्यावर चौदा दिवसांनी. अंडी घातलेली मादी याला अपवाद, तिला अंग भरेपर्यंत लवकर लवकर द्यावं लागतं. कात टाकायच्या आधी डोळे निळसर धूसर झाले की बरेच साप तोंड फिरवतात. तेव्हा नाद सोडायचा, कात पडल्यावर द्यायचं. मोठा नर वसंतात काही आठवडे जेवणाकडे बघतसुद्धा नाही. वजन टिकून असेल तर घाबरायचं कारण नाही.

आता आपल्या हवेचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 13-14 अंशांपर्यंत उतरतो, आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही. साप अंगची उष्णता तयार करत नाही, पचनाला लागणारी ऊब बाहेरूनच घेतो. पेटीच्या एका बाजूला 28 ते 30 अंश आणि दुसऱ्या बाजूला 23-24 हवेत. ऊब कमी पडली की पोटातला उंदीर पचायच्या आधी कुजायला लागतो. अमेरिकेच्या आग्नेय भागात, जिथं हा साप मूळचा, हिवाळ्यात तो खाणं थांबवून बिळात पडून राहतो. आपण त्याला पेटीत ठेवून वर्षभर खाऊ घालतो, तर ऊब देण्याची जबाबदारीही आपलीच.

एका जुलैत मी ही चूक केली. संध्याकाळी नेहमीपेक्षा मोठा उंदीर दिला, रात्री वादळी पावसात लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) गार, पेटीत 21 अंश. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं आणि वासानं मागं सरलो. उंदीर ओला, केस अंगाला चिकटलेले, पोट हिरवट, डोकं जवळजवळ विरघळलेलं, कारण तेच आधी आत गेलेलं असतं. साप पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून बसला होता. ओकताना सापाच्या पोटातलं आम्ल आणि पचनाचे जिवाणूही बाहेर जातात, म्हणून लगेच पुन्हा खायला घालणं सगळ्यात घातक. मी चौदा दिवस फक्त पाणी दिलं, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर, मग आणखी दहा दिवसांची विश्रांती. पूर्वपदावर यायला दीड महिना गेला. पुन्हा पुन्हा ओकत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला गाठा.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी उंदराचा आकार एक पायरी खाली आणतो आणि अंतर तीन-चार दिवसांनी वाढवतो. लहान उंदीर गार रात्रीतही बऱ्यापैकी पचून जातो, मोठा अडकतो. पेटी इन्व्हर्टरवर असेल, थर्मोस्टॅट नीट चालत असेल, तर हे करायची गरज नाही. आणि कधीही, कुठल्याही ऋतूत, खाल्ल्यावर 48 तास सापाला हातात घ्यायचं नाही.

गोठवलेला की जिवंत?

यावर मला फार लिहावंसं वाटत नाही, कारण निर्णय सरळ आहे: गोठवलेला. मोठा जिवंत उंदीर जीव वाचवायला चावतो. सापाच्या डोळ्याला किंवा पाठीला झालेली जखम महिनोन् महिने भरत नाही. उंदरालाही पेटीत कोंडून मरणाची वाट बघायला लावणं मला पटत नाही. एखादं पिल्लू काही केल्या खात नसेल, तर पहिल्या एक-दोन वेळा जिवंत पिंकी देऊन सवय लावावी. पिंकीला दात नसतात.

घरातला, गोदामातला, शेतातला उंदीर पकडून देऊ नका, मग तो फुकट मिळत असला तरी. तंबाखूच्या वखारीत, धान्याच्या पोत्यांत झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडायोलोनची गोळी खाल्लेला उंदीर मरेपर्यंत हिंडत असतो. ते विष सापाच्या पोटात जातं. शिवाय त्याच्यातले जंत सापाला, आणि लेप्टोस्पायरोसिस आपल्याला. धामण शेतात उंदीर खाऊन जगते, मग हा का नाही, असं गावाकडची माणसं विचारतात. धामणही त्याच विषानं मरते, फक्त आपल्याला ते दिसत नाही. (ओघात सांगतो, धामण किंवा तस्कर बिनविषारी आहे म्हणून धरून पेटीत ठेवू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.)

गोठवलेला उंदीर आदल्या रात्री पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग 40 अंशांच्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं पिशवीसकट, मग पुसून लांब चिमट्यानं सापापुढं. मायक्रोवेव्ह नाही, उकळतं पाणी नाही; पोट फुटतं. मधोमध बोटानं दाबून बघा, आत बर्फाचा खडा राहिला असेल तर थांबा. सकाळपर्यंत खाल्ला नाही तर टाकून द्या.

घरात यावरून नाराजी होते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ज्या फ्रीजमध्ये देवाच्या नैवेद्याचं दूध असतं तिथं उंदीर ठेवू नका. जुना छोटा फ्रीजर वेगळा घ्या. हातही साबणानं धुवा, सॅल्मोनेला सापावरही असतो आणि उंदरावरही.

भाच्याला मी एकदम उपास करायला सांगितलेलं नाही. 18 ग्रॅमचा उंदीर, चौदा दिवसांनी एकदा, आणि पेटीत चढायला आडव्या फांद्या. दर महिन्याला वजनाचा फोटो मला पाठवायचा. पहिल्या महिन्यात 290 चे 283 झालेत.

माल आपल्याकडे बहुतेक परगावाहून मागवावा लागतो, आणि पावसात पार्सल रखडलं की बर्फ वितळून जातो. म्हणून मेअखेरीस तीन महिन्यांचा हिशेब करून उंदीर मागवून ठेवा. मोठ्या सापाला सहा-सात पुरतात. पाकिटावर तारीख लिहा, सहा महिन्यांच्या आत संपवा. लाईट लांबली आणि फ्रीजरमधले उंदीर मऊ पडले, तर पुन्हा गोठवू नका, सगळे टाकून द्या. मोठा साप आठवडाभर जास्त थांबला तर त्याला काही होत नाही.