क्रेम ब्रुले, मॅडलीन की प्रालीन? सावळ्या ओठांसाठी न्यूड ग्लॉस निवडताना

बडोद्याच्या मंगळबाजारात न्यूड ग्लॉस, म्हणजे ओठांच्या मूळ रंगाशी मिळताजुळता चकाकता ग्लॉस, मागितला की दुकानदार चार नळ्या पुढे टाकतो आणि वर ऐकवतो, ‘बेन, न्यूड तो बधा सरखा ज होय,’ म्हणजे न्यूड सगळे सारखेच. नळ्या काउंटरवर शेजारीशेजारी ठेवल्या तर त्याचं म्हणणं पटतंही. निक्स (NYX) या ब्रँडच्या ‘बटर ग्लॉस’ मालिकेतल्या या तीन शेडच घ्या: क्रेम ब्रुले, मॅडलीन आणि प्रालीन. तिन्ही ८ मिलीच्या, तिन्हींचा पोत तोच, वास तसाच गोडसर आणि नावं बेकरीच्या कपाटातून उचललेली. रंगाचा अंदाज त्या नावांवरून येईल म्हणाल तर तेही नाही. ओठांवर मात्र तिघींची तोंडं तीन दिशांना.

घाईत असाल तर एवढंच वाचा: ओठ सावळे असतील, कडेने तपकिरी किंवा जांभळट असतील, तर प्रालीन. ओठ मुळात गुलाबी असतील तर मॅडलीन. क्रेम ब्रुले फक्त लायनर, म्हणजे ओठांची कड रेखायची पेन्सिल, वापरणारीने घ्यावी.

आता कारण. आपण शेड निवडतो चेहऱ्याच्या रंगावरून: ‘मी गव्हाळ, मला काय शोभेल?’ लिपस्टिकला ते थोडंफार चालतं, कारण ती ओठ झाकते. ग्लॉसचा थर पातळ आणि अर्धपारदर्शक, त्यातून खालचा ओठ दिसतच राहतो. म्हणून आरशात चेहरा नको, ओठ बघा. त्यातही वरचा. पुष्कळ जणींचा वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद असतो आणि न्यूड शेड फसते ती तिथेच.

न्यूड रंग बनतो मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांपासून, म्हणजे लाल, पिवळं आणि काळं, आणि त्यांना फिकं करायला टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरं. शेड जितकी फिकी तितकं सहसा पांढरं जास्त. गुलाबी ओठांवर हे पांढरं मऊ दिसतं. सावळ्या ओठांवर तेच राखाडी होतं. ताक पिऊन ओठ पुसायचे राहिल्यासारखं. वेष्टनावर टायटॅनियम डायऑक्साइड ‘सीआय ७७८९१’ असं लिहिलेलं असतं, पण त्यावरून निवड करू नका. रंगद्रव्यं बहुधा यादीच्या शेवटी, अधिक-उणे चिन्हापुढे, सगळ्या शेडची मिळून एकत्र छापतात. तुमच्या नळीत पांढरं किती, ते त्यातून कळत नाही.

कळायचा सोपा उपाय पर्समध्येच असतो. एखादं जुनं बिल काढा, छापील अक्षरांवर टेस्टरचा, म्हणजे दुकानातल्या लावून बघायच्या नळीचा, एक पातळ फराटा ओढा. अक्षरं ठळक दिसत राहिली तर शेड पारदर्शक, दुधाळ धुक्यात गेली तर पांढरं भरपूर. अशा फराट्यात क्रेम ब्रुले आणि प्रालीन सख्ख्या बहिणी वाटत नाहीत.

क्रेम ब्रुलेवर फार वेळ घालवत नाही. फिकी, पीचकडे झुकणारी. सावळ्या ओठांवर नुसती लावली तर चेहराच आजारी दिसतो. कडेने तपकिरी पेन्सिल फिरवून, ती बोटाने आतपर्यंत पसरवून, फक्त मधोमध हा ग्लॉस टेकवला तर छान दिसते; पण मग रंग पेन्सिलीचा, ग्लॉसची नुसती चमक.

खरी ओढाताण मॅडलीन आणि प्रालीनमध्ये. मॅडलीन मध्यम, गुलाबीकडे जाणारी. दिवसा, सुती कुर्त्यावर, ऑफिसला ती नीटनेटकी दिसते आणि आरसा न बघता लावता येते. पण ओठांच्या कडा गडद असतील तर मध्ये गुलाबी, बाहेर तपकिरी अशी रेघ उमटते आणि ती दुपारच्या उन्हात जास्तच दिसते. प्रालीन गुलाबीसर तपकिरी, जरा खोल. ती ओठांच्या रंगात मिसळते, कडा वेगळ्या पडत नाहीत, पेन्सिल लागत नाही. मोरपंखी किंवा वांगी रंगाच्या काठाच्या साडीवर तर मी डोळे मिटून हीच सांगेन. तिचा एकच तोटा: ओठ अगदी फिके असतील तर ती न्यूड उरत नाही, सरळ तपकिरी लिपस्टिक वाटते. आणि प्रालीनही फिकी पडावी इतके ओठ गडद असतील, तर याच मालिकेतली चॉकलेटी जिंजर स्नॅप बघा.

टेस्टर ओठांना लावू नका, शंभर जणींचे हात लागलेले असतात. मनगटावरही नको, तिथली कातडी ओठांपेक्षा बरीच उजळ. बोटाच्या टोकाची गादी ओठांच्या रंगाला त्यातल्या त्यात जवळची. तिथे लावा आणि दुकानाबाहेर या. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली प्रालीन मेलेली दिसते, मॉलच्या पिवळ्या दिव्यात मॅडलीन उगाच भाव खाते. मंगळबाजाराजवळच्या न्यायमंदिरासमोरच्या उजेडात दोन मिनिटं उभं राहिलं की निकाल लागतो.

नवरात्रासाठी घेत असाल तर गणित थोडं बदलतं. मैदानावरच्या पांढऱ्या फ्लडलाइटमध्ये फिका ग्लॉस नुसता चकाकतो, रंग दिसतच नाही. तिथे प्रालीनलाच काही अर्थ. तरी गरब्याच्या फेऱ्यात कुठलाही ग्लॉस म्हणजे मोकळ्या केसांना आणि धुळीला आमंत्रण. खाली त्याच रंगाची मॅट लिपस्टिक लावा, ग्लॉस फोटोपुरता मध्ये टेकवा. सेव-उसळ खाल्ल्यावर तो जाणारच, तेव्हा नळी सोबत असू द्या.

फक्त उन्हाळ्यात ती स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, डिकीत त्याहून जास्त. ग्लॉस पातळ होतो, तेल वेगळं सुटायला लागतं. नळीवर उघड्या डबीचं चिन्ह आणि आत महिन्यांचा आकडा असतो, तो उघडल्या दिवसापासून मोजायचा. ८ मिली संपायला वेळ लागतो, त्यामुळे ‘दोन्ही घेऊन टाकते’ म्हणण्याआधी घरातल्या अर्धवट नळ्या एकदा मोजा.