खारघर ते फोर्ट, नऊ महिने वापरून झाल्यावर: 'स्टेशन ७ मिनिटांवर' या एका वाक्याचा हिशोब

आमच्या सोसायटीची स्टेशनला सोडणारी शटल बस बंद होऊन दीड महिना झाला आणि तरी या महिन्याच्या मेंटेनन्सच्या बिलात शटलचे ४०० रुपये लावून आलेत, म्हणून आज हे लिहायला बसलोय, नाहीतर दिवाळीतच लिहिणार होतो आणि तेव्हा लिहिलं असतं तर बरंच गोड लिहिलं असतं.

२०२५च्या गुढीपाडव्यानंतर आम्ही लालबागहून खारघरला आलो. सेक्टर ३४च्या बाजूला, पेठपाडा मेट्रोजवळ, एकोणिसावा मजला. ऑफिस फोर्टात. लालबागला असताना घरातून निघून वीस-पंचवीस मिनिटांत टेबलावर डबा ठेवलेला असायचा, त्यामुळे मला लोकलची सवय नाही असं आधीच कबूल करतो, डोंबिवली-बदलापूरवाल्यांनी हसू नये. सिडकोने आखलेलं शहर, रुंद रस्ते, समोर डोंगर, लालबागच्या खोलीच्या भाड्यात थोडी भर टाकली की हप्ता निघतो, हे सगळं तुम्हाला माहीतच आहे, त्यावर लिहीत नाही. मी फक्त जाण्यायेण्यावर लिहितोय.

घर घेताना जो ब्रोशर हातात दिला त्यात तलाव, योगा डेक वगैरेच्या खाली एक ओळ होती, 'स्टेशन ७ मिनिटांवर'. मला योगा येत नाही. मी घर घेतलं ते त्या ओळीवर.

पहिल्या सोमवारी सोसायटीच्या शटलमध्ये बसलो आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. खारघर स्टेशनला पोचायला लागली २२ मिनिटं. म्हटलं सोमवार असेल. मंगळवारी १९. त्या आठवड्यात सगळ्यात कमी १७, तेही ड्रायव्हरने मधला एक थांबा खाल्ला म्हणून, आणि त्या थांब्यावरच्या दोन बायकांनी नंतर त्याला जे सुनावलं ते बरोबरच होतं. ज्यांना भाग माहीत नाही त्यांच्यासाठी, खारघरचं रेल्वे स्टेशन सायन-पनवेल हायवेच्या एका बाजूला आणि आमचे सगळे तिशीतले सेक्टर दुसऱ्या बाजूला पार आत, म्हणजे सकाळी अख्खं गाव उत्सव चौकाकडून हायवेच्या दिशेने एकदमच निघतं. आमच्या गेटपासून पाच किलोमीटर तरी आहे. पाच किलोमीटर सात मिनिटांत म्हणजे ताशी चाळीसच्या वर स्पीड, तोही एकदाही न थांबता. बायको म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना, पंधरा मिनिटांनी काय होतंय." पण पंधरा मिनिटांचा प्रश्न नाहीये, त्यांनी सात हा आकडा आणला कुठून हा प्रश्न आहे.

मग मी मोजतच गेलो. रविवारी सकाळी अकराला रिक्षाने १४ मिनिटं. पंधरा ऑगस्टला, सुट्टी, रस्ता मोकळा, १२. सासूबाईंना पहाटे पहिल्या लोकलला सोडायला गेलो तेव्हा सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत होते, रिक्षावाल्याने एकदाही ब्रेकवर पाय दिला नाही, सासूबाई दांडा घट्ट धरून रामरक्षा म्हणत होत्या आणि मी स्टॉपवॉच बघत होतो. ९ मिनिटं २० सेकंद. हा माझा रेकॉर्ड, अजून मोडलेला नाही.

शटलचं रडगाणं असं होतं की ती वेळेवर निघायची पण वेळेवर पोचायची कधीच नाही. पावणेआठच्या आसपासची लोकल धरायची म्हणून तिचं टायमिंग ठरवलेलं आणि आम्ही पायऱ्या चढेपर्यंत लोकलचा शेवटचा डबा दिसायचा. रोज. ग्रुपवर लिहिलं की दहा मिनिटं आधी सोडा, तर कॉन्ट्रॅक्टरचं उत्तर आलं की ट्रॅफिकला आम्ही काय करणार, आणि खाली अठरा अंगठे, ते अंगठे कोणाच्या बाजूने होते ते मला अजून कळलेलं नाही.

बरं, पुढची लोकल पकडली तरी बसायला कुठे मिळतंय. ती पनवेलहून येते, खांदेश्वर, मानसरोवरला भरत येते, खारघरला दारातली माणसं फलाटावरच्या माणसांकडे बघून मान हलवतात की आत जागा नाही. काही जण उलटे पनवेलला जाऊन रिटर्न मारतात, मी दोनदा मारून बघितलं, सीट मिळते पण घरातून अजून अर्धा तास आधी निघा. म्हणजे सीएसएमटीपर्यंत सव्वा तास उभं. वाशीच्या खाडीवर दारातून वारा येतो तेवढाच आराम, मग मानखुर्द, गोवंडी, चेंबूर करत कुर्ला, कुर्ल्याला अर्धे उतरतात आणि तेवढेच नवीन चढतात. वडाळ्यानंतर जरा टेकायला मिळतं, तेव्हा काय उपयोग, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड की आलंच.

तर ऑगस्टपर्यंत माझं मत हेच होतं की पाचपैकी दीड स्टार, तोही खाडीसाठी.

१९ ऑगस्टचा पाऊस आठवत असेल. रुळांवर पाणी भरलं आणि हार्बर, म्हणजे आमची पनवेल-सीएसएमटी लोकलची लाईन, बंद. मी ऑफिसात. खारघरचे दोघं गाडीने अटल सेतूवरून निघाले, मलाही चल म्हणाले, पण गाडी आधी सेतूपर्यंत पोचायला पाहिजे ना, शिवाय २५० रुपये टोल तिघांत कसा वाटायचा ही चर्चा त्यांची तिथेच सुरू झाली, मी म्हटलं तुम्ही व्हा पुढे. (तो सेतू एरवी मस्त आहे, जवळजवळ बावीस किलोमीटर, एकदा सकाळी त्यांच्याच गाडीतून आलोय, समुद्रावर भुर्रकन आणि मग फ्रीवे संपतो तिथे बोगद्याच्या कामापाशी जी गाडी थांबली ती थांबली. आणि तोही आमच्या सेक्टरला आडबाजूलाच.) मी छत्री धरून जेजे पुलाखालून भायखळामार्गे चालत लालबागला भावाकडे गेलो. गणपतीला आठ दिवस होते, मांडवांवर ताडपत्र्या, गुडघ्यापर्यंत भिजलेला मी. वहिनींनी पिठलं-भात टाकला. भाऊ जेवताना म्हणतो, "काय रे, सात मिनिटांत आलास ना?" तो ब्रोशर मी घरी सगळ्यांना दाखवला होता, ही माझी चूक.

आता इथून पुढे मत बदललंय, म्हणून वरचं सगळं पुसत नाही पण पुढचंही वाचा.

मेट्रो आमच्या दारात आहे आणि मी पाच महिने तिच्यात बसलोच नव्हतो. कारण सांगतो, कंजूषपणा. बेलापूर ते पेंधर, ११ स्टेशनं, २०११ला काम सुरू झालं आणि १७ नोव्हेंबर २०२३ला गाडी धावली, त्यामुळे इकडच्या जुन्या लोकांचा तिच्यावर विश्वासच नाही, ते अजून नुसते खांब उभे असल्यासारखं बोलतात. पेठपाडा ते बेलापूर २० रुपये. जाऊन येऊन ४०, पंचवीस दिवसांचे १०००. शटलचे ४०० तर भरलेलेच आहेत, मग वर हजार कशाला घालवायचे? शिवाय ती खारघर स्टेशनला जातच नाही, बेलापूरला जाते.

आणि तिथेच माझं डोकं चाललं नाही. बेलापूरहून सुटणाऱ्या लोकल आहेत! रिकामी गाडी फलाटावर उभी असते. सप्टेंबरात एक दिवस शटल आलीच नाही, रिक्षावाले कोणी हो म्हणेनात (मीटरने ऐंशी-नव्वद होतात ते वेगळंच), रागारागाने मेट्रोत चढलो. एसी, गर्दी नाही, बाहेर पावसाने हिरवा झालेला डोंगर आणि त्यावर पाण्याच्या पांढऱ्या रेघा, पंधरा-सतरा मिनिटांत बेलापूर, उतरून चार-पाच मिनिटं चालणं, आणि लोकलमध्ये विंडो सीट. विंडो! सीवूड्स येईपर्यंत मी झोपलो होतो, उठलो तेव्हा शिवडी. त्या दिवशी ऑफिसात शिपायाने विचारलं, साहेब आज सुट्टीवरून आलात का.

त्यानंतर रोज मेट्रो. वेळ फार वाचत नाही, घर ते टेबल एक तास पन्नास मिनिटं लागायची, आता एक पस्तीस-चाळीस. पण उभं राहून पन्नास आणि बसून चाळीस यातला फरक गुडघ्यांना विचारा. पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला कारण रात्री दहाच्या सुमारास मेट्रो संपते, वर्षअखेरीला ऑफिसात उशीर झाला की पुन्हा खारघर स्टेशन, पुन्हा रिक्षावाल्याच्या विनवण्या. अर्धा मेट्रो चुकली तर पुढच्या गाडीसाठी दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं म्हणून. उरलेला अर्धा ब्रोशरचा.

कारण ब्रोशरचं प्रकरण पुढे गेलंय. दिवाळीनंतर शटल बंद झाली तेव्हा मी स्वतः सेल्स ऑफिसात गेलो, स्टॉपवॉचचे आकडे वहीत लिहून. तिथला मुलगा, पंचविशीतला, अतिशय नम्र, वही पूर्ण वाचली त्याने, आणि म्हणाला, "सर, ते स्टेशन म्हणजे मेट्रो स्टेशन." मी म्हटलं तुमचा ब्रोशर छापला तेव्हा मेट्रो सुरू तरी होती का? तो म्हणाला, "सर, स्टेशन होतं. गाडी नव्हती."

यावर काय बोलणार. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटपासून पेठपाडा मेट्रोच्या फलाटापर्यंत चालत गेलो. ७ मिनिटं १० सेकंद. बायको बरोबर होती, ती म्हणते तुम्ही मुद्दाम हळू चालत होतात, आणि ते खरं आहे. तिने एकटीने मोजलं तर साडेसहा.

म्हणजे लिहिलेलं खोटं नाही, हे मला जास्त लागलंय. पण आता माझं म्हणणं असं की मोजायचं कुठून? मी गेटवर राहत नाही, मी एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. तीन लिफ्टपैकी सकाळी एक दूधवाल्यांची, एक शाळेच्या मुलांची, तिसरी प्रत्येक मजल्यावर थांबत येते. दारापासून गेटपर्यंत या आठवड्याची सरासरी ५ मिनिटं ४० सेकंद. वही चालू आहे.

कोणी इकडे घर बघत असेल तर माझं सांगणं एवढंच, सॅम्पल फ्लॅट रविवारी बघू नका, कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला जा आणि तिथून ऑफिसपर्यंत जाऊन दाखवा स्वतःला, एकदा रेल्वेने, एकदा मेट्रो धरून. आणि भाव विचारताना नवी मुंबई विमानतळाचं नाव पाच वेळा येईल, तुम्हाला रोज विमानाने फोर्टात जायचं नाहीये हे लक्षात ठेवा. मेट्रोपासून चालत जाता येईल असं घर असेल तर घ्या, खुशाल घ्या. जिथून मेट्रोलाही रिक्षा लागते तिथे मी फुकटही राहणार नाही. बरं, फुकट असेल तर विचार करीन.

राहिला शटलचा विषय. नोव्हेंबर आणि डिसेंबरचे मिळून ८०० रुपये झाले, बंद असलेल्या बसचे. सेक्रेटरी काका म्हणतात कॉन्ट्रॅक्ट वर्षाचं आहे, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो बस गॅरेजमध्ये आहे, गॅरेज कुठे आहे ते कोणी सांगत नाही. तुमच्याकडे कोणाला असे पैसे परत मिळालेत का, आणि मिळाले असतील तर अर्ज कसा केला ते सांगा. मी येत्या रविवारी दुपारी मीटिंग लावायला सांगितली आहे. हार्बरला मेगाब्लॉक असतो, सगळे घरीच सापडतील.