औषधांच्या गोदामात स्कॅनर, बॅच-सॉफ्टवेअर आणि तापमान-नोंदक: इंदूरमधल्या अकरा महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरच्या दवा बाजारातल्या आमच्या मध्यम आकाराच्या स्टॉकिस्ट (कंपन्यांचा माल घाऊक घेऊन केमिस्टांना पुरवणाऱ्या) पेढीत ही यंत्रणा जानेवारी २०२५ पासून रोज चालते आहे. माल देवास नाक्याजवळच्या गोदामात उतरतो आणि दवा बाजारातून शहरात, तसंच महू, देपालपूर, सांवेरच्या लाइनवर जातो. आयटम साधारण चार हजार, बिलं दिवसाला अडीचशेच्या आसपास. घेतलेलं सामान असं: तीन अँड्रॉइड हँडहेल्ड स्कॅनर, इनवर्डच्या (आलेला माल नोंदवून घेण्याच्या) टेबलावर क्यूआरसारखे चौकोनी कोडही वाचणारा एक तारेचा टूडी स्कॅनर, एक लेबल प्रिंटर, चार तापमान-नोंदक, आणि जुन्या बिलिंगला जोडलेलं वार्षिक भाड्याचं गोदाम-सॉफ्टवेअर.

यंत्रणा ठेवण्यासारखी आहे. पण तिचा सगळा फायदा माल उतरतो त्या टेबलावर ठरतो. तिथे बॅच (एकाच वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक), एक्स्पायरी आणि एमआरपी बरोबर चढली तर पुढचं पिकिंग (ऑर्डरप्रमाणे रॅकवरून माल काढणं), बिल, परतावा, ऑर्डर सगळं सुरळीत चालतं. तिथे चूक झाली तर तीच चूक जास्त वेगाने दहा ठिकाणी पोचते. विकणारे डेमोमध्ये रंगीत डॅशबोर्ड दाखवतात, इनवर्ड दोन मिनिटांत उरकतात. पैसे आणि वेळ नेमका उलट्या क्रमाने घालावा लागतो.

औषधाच्या धंद्यात खरी गळती चोरीची नसते, बॅचच्या गफलतीची असते. बिलावर एक बॅच लागते, पिशवीत दुसरी जाते. दीड वर्षाने केमिस्ट एक्स्पायरीचा माल परत करतो, तेव्हा ती बॅच त्याला विकल्याची नोंदच सापडत नाही आणि कंपनी क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाचे पैसे वळते करणारा कागद) अडवते. पिकिंग करताना बॅच स्कॅन करणं सक्तीचं केल्यावर हे प्रकार जवळजवळ थांबले. चुकीच्या बॅचवर स्कॅनर लाल पडदा दाखवून ओरडतो आणि पुढची ओळ उघडतच नाही. ही एकच सोय सगळा खर्च पेलते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता बारकोडचं वास्तव. १ ऑगस्ट २०२३ पासून औषध नियमांतल्या शेड्यूल एच-२ या यादीतल्या ३०० ब्रँडच्या पॅकवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. त्यात ओळख क्रमांक, औषधाचं मूळ नाव, ब्रँड, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच, उत्पादन आणि एक्स्पायरीची तारीख, परवाना क्रमांक एवढं असायला हवं. म्हणून सगळा माल आपोआप वाचला जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. ३०० ब्रँडच्या बाहेरच्या बऱ्याच मालावर साधा ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी कोड असतो. तो फक्त आयटम सांगतो, बॅच सांगत नाही. एच-२ च्या क्यूआरमध्येही एका कंपनीची माहिती सरळ मजकुरात येते, दुसरीची वेगळ्या क्रमाने, तिसरीची वेबपानाच्या दुव्यामागे. सॉफ्टवेअरला प्रत्येक कंपनीची मांडणी एकदा शिकवावी लागते. आमच्याकडे यात पहिले सात आठवडे गेले.

सगळ्यात जास्त त्रास शिपरवरच्या (कंपनीच्या मोठ्या खोक्यावरच्या) जीएस-१ या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या कोडने दिला, म्हणून तो सविस्तर. या कोडमध्ये ०१ नंतर चौदा आकडी आयटम क्रमांक येतो, १७ नंतर सहा आकडी एक्स्पायरी, १० नंतर बॅच, २१ नंतर सिरियल (नगाचा स्वतंत्र क्रमांक). बॅचची लांबी ठरलेली नसते, वीस अक्षरांपर्यंत काहीही असू शकते. म्हणून बॅच कुठे संपली हे सांगायला एक अदृश्य खूण असते, संगणकाच्या अक्षर-तक्त्यातलं २९ क्रमांकाचं चिन्ह. स्कॅनर कीबोर्डसारखा जोडलेला असेल तर ते चिन्ह वाटेतच गळतं. मग बॅच ‘एबी१२३४’ न राहता ‘एबी१२३४२१७७०३’ अशी सिरियलसकट चिकटते. एकाच शिपरमधल्या दोन पेट्या दोन वेगळ्या बॅच म्हणून चढतात आणि स्टॉक कागदावर विस्कटतो. उपाय फुकटचा आहे: स्कॅनरच्या सेटिंगमध्ये हे चिन्ह पाठवणं चालू करायचं, किंवा त्याच्या जागी उभी रेघ पाठवायला सांगायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या रेघेला विभाजक ठरवायचं. पुरवठादाराच्या माणसाला हे माहीत असेलच असं धरून चालू नका.

दुसरी मेख तारखेत आहे. पॅकवर फक्त महिना-वर्ष असेल तर कोडमध्ये दिवसाच्या जागी दोन शून्यं येतात. २७११०० म्हणजे नोव्हेंबर २०२७ ची अखेर. आमच्या सॉफ्टवेअरने शून्याव्या तारखेचा अर्थ ‘आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस’ असा लावला आणि ३१ ऑक्टोबर २०२७ चढवली. महिनाभर आधी विक्री अडली असती, वर निअर-एक्स्पायरीची यादीही खोटी आली असती. हे चौथ्या आठवड्यात हाताने ताळा घेताना सापडलं. दुरुस्ती मागितल्यावर तीन दिवसांत झाली, पण तोवर चढलेल्या सगळ्या ओळी पुन्हा तपासाव्या लागल्या.

इनवर्डची आताची पद्धत अशी. बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) आणि बिल आधी उघडायचं, खोकं नंतर. शिपर मोजायचे, ओले-दबलेले बाजूला. प्रत्येक बॅचचा एक नग स्कॅन करायचा आणि पडद्यावरची बॅच, एक्स्पायरी, एमआरपी दुसऱ्या माणसाने पॅकवरून मोठ्याने वाचायची. जुळलं की ५० बाय २५ मिलिमीटरचं आपलं लेबल शिपरवर लावायचं आणि मगच रॅक. एका खणात एकच बॅच. जागा कमी पडली तरी हा नियम मोडायचा नाही, कारण दोन बॅच एका खणात आल्या की पिकर हाताला लागेल ती घेतो. रॅकवरची लेबलं शाईच्या रिबनने छापलेली घ्या. साध्या थर्मल कागदाची अक्षरं पत्र्याच्या छताखाली मे महिन्यातच फिकट पडली.

‘आधी संपणारं आधी’ हा क्रम सॉफ्टवेअर चोख लावतं. फक्त सगळ्या गिऱ्हाइकांना एकच नियम चालत नाही. हॉस्पिटलं आणि मोठे केमिस्ट सहा महिन्यांपेक्षा कमी आयुष्याचा माल परत पाठवतात, मग डिलिव्हरीची फेरी वाया जाते. गिऱ्हाइकानुसार किमान आयुष्य टाकायची सोय असलेलंच सॉफ्टवेअर घ्या.

२२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्या आठवड्यात या यंत्रणेची खरी परीक्षा झाली. दर बदलणं एका रात्रीचं काम होतं. अडचण एमआरपीची होती. बाजारात आधीच गेलेल्या मालावर नवीन स्टिकर लावणं सक्तीचं नव्हतं, कंपन्यांनी सुधारित भावयाद्या पाठवल्या. म्हणजे पॅकवर जुनी छापील किंमत, विक्री नव्या भावाने, आणि पुढच्या खेपेत त्याच आयटमची नवी छापील किंमत. आमचं सॉफ्टवेअर स्टॉक ‘आयटम अधिक बॅच’ असा ओळखायचं, त्यामुळे एकाच बॅचच्या दोन किमती त्यात बसेनात. ‘आयटम, बॅच आणि एमआरपी’ अशी तिहेरी ओळख करून घेतली तेव्हा गाडी रुळावर आली. जुन्या दराने विकलेला माल परत आला तर क्रेडिट नोट मूळ बिलाला जोडून, मूळ दरानेच काढायची. इथे बॅच-निहाय विक्रीची नोंद सोन्यासारखी उपयोगी पडली. हाताने शोधत बसलो असतो तर दिवाळी उलटली असती.

वाहतुकीचा भाग बरा आहे, उत्तम नाही. भिवंडीहून इंदूर साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे. ई-वे बिलाला (मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीत काढावा लागणारा ऑनलाइन परवाना) २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणजे तीन दिवस. गाडी बिजासन घाटात किंवा धुळ्याला माल दुसऱ्या गाडीत चढवताना अडकली की मुदत टोकाला येते. मुदतवाढ ही मुदत संपण्याच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर, एवढ्याच वेळात मिळते. रात्री मुदत संपली तर सकाळी उशिरा कार्यालय उघडेपर्यंत ती खिडकी निघून जाते. सॉफ्टवेअर सहा तास आधी सूचना देतं, ही सोय चांगली. धुळ्याला गाडी बदलली तर ई-वे बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये (गाडीच्या तपशिलात) नवा गाडी क्रमांक चढलाय का, हे मात्र ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करूनच पाहावं लागतं. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर सगळ्यांनाच ओटीपी लागतो. तो मालकाच्या फोनवर जात असेल तर डिस्पॅच ताटकळतो. डिस्पॅचच्या माणसाचं स्वतंत्र उप-खातं त्याच्या मोबाइल नंबरवर उघडून द्या.

गाडी कुठे आहे ते ‘युलिप’ या सरकारी व्यवस्थेतून दिसतं. सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर ती आली. गाडी क्रमांक टाकला की फास्टॅगवरून शेवटचा ओलांडलेला टोलनाका कळतो. हे जीपीएस नव्हे. दोन नाक्यांच्या मध्ये गाडी पाच तास उभी असली तरी पडद्यावर काहीच हलत नाही. तरी शेंधव्याच्या अलीकडचा नाका दिसला की हमाल कधी बोलवायचे ते ठरवता येतं, आणि आमच्यासाठी तेवढं पुरतं.

शहरातल्या वाटपाचा नकाशा मात्र इंदूरला ओळखत नाही. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या गिरण्यांच्या झाँक्या (देखाव्यांची मिरवणूक), या दिवशी राजवाडा, जवाहर मार्ग, जेल रोडकडे गाडी नेणं अशक्य. तो भाग हाताने बंद करून त्या केमिस्टांचा माल आदल्या दिवशी पोचवायचा.

ऑर्डर सुचवणारा भाग डोळे झाकून वापरू नका. तो नव्वद दिवसांची सरासरी काढतो. समजा एक औषध रोज १२ स्ट्रिप जातं, पण मधे ३० दिवस माल नव्हता. विक्री झाली ६० दिवसांत ७२०. सॉफ्टवेअर ७२० ला ९० ने भागून रोजची गरज ८ धरतं आणि सात दिवसांच्या पुरवठ्यासाठी ५६ मागवतं. हवेत ८४. जे औषध तुटतं तेच कमी मागवलं जातं, म्हणून ते पुन्हा तुटतं. त्या काळात केमिस्टांनी पर्यायी ब्रँड उचललेला असतो, त्याची सरासरी फुगते आणि तो पडून राहतो. शून्य स्टॉकचे दिवस वगळण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, पण मुळात बंद असतो. तो चालू करा. पावसाळ्याआधी ओआरएस आणि तापाच्या औषधांसाठी मागच्या वर्षीचे जून ते ऑगस्ट हेच महिने आधाराला घ्या, मार्च ते मे नव्हेत.

शीतसाखळीसाठी घेतलेले नोंदक उपयोगी आहेत, त्यांची जागा मात्र विचारपूर्वक ठरवावी लागते. इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवं. एक नोंदक फ्रिजच्या दारापाशी, एक आतल्या पंख्याच्या झोतात ठेवला, कारण एका टोकाला तापण्याची आणि दुसऱ्याला गोठण्याची भीती. इन्सुलिन गोठलं की ते कायमचं गेलं, वरून बाटली नीट दिसली तरी. म्हणूनच डिलिव्हरीच्या पेटीत फ्रीझरमधून काढलेला बर्फाचा पॅक थेट ठेवायचा नाही. तो बाहेर ठेवून हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच पेटीत घालायचा, आणि मधे पुठ्ठा. नोंदकाची एक मोठी उणीव जूनच्या वादळात दिसली. वीज गेली, फ्रिज बंद पडला आणि त्याच क्षणी वायफायचा राउटरही बंद पडला, म्हणून धोक्याचा संदेश निघालाच नाही. राउटरला वेगळा यूपीएस द्या किंवा सिमकार्डचा नोंदक घ्या.

हँडहेल्डची बॅटरी आता दुपारी चारपर्यंत टिकते, सुरुवातीला पूर्ण दिवस जायची. दवा बाजारातल्या तळघरात नेटवर्क नाही, तिथे स्कॅनर नोंदी साठवून नंतर पाठवतो. त्या मधल्या वेळात वर काउंटरवर तोच शेवटचा नग बिलात लागू शकतो. शेवटच्या पाच नगांची विक्री फक्त काउंटरवरून, असा नियम केल्यावर तक्रारी थांबल्या. चकचकीत फॉइलवरचा कोड वाचत नसेल तर स्ट्रिप थोडी तिरकी धरा.

नव्याने घेणाऱ्यांनी पहिला स्कॅनर इनवर्डला द्यावा, दुसरा पिकिंगला; डॅशबोर्ड आणि ऑर्डर-सूचना तीन महिन्यांनी चालू कराव्यात. डेमोला विक्रेत्याचे नमुने नकोत. स्वतःच्या गोदामातला एक शिपर न्या, ज्याच्या एक्स्पायरीत दिवसाच्या जागी दोन शून्यं आहेत आणि बॅचनंतर सिरियल आहे. तो त्यांच्यासमोर स्कॅन करा आणि बॅच, तारीख पडद्यावर काय उमटते ते पॅकशी ताडून पाहा. नंतर त्याच बॅचला दुसरी एमआरपी चढवून दाखवायला सांगा.