अॅल्युमिनियमची सायक्लोक्रॉस की स्टीलची ग्रॅव्हल: पुण्यात एकच सायकल ठेवणाऱ्यासाठी

ज्याला घरात एकच सायकल ठेवायची आहे, आठवडाभर तिच्यावरून कामावर जायचे आहे, रविवारी सिंहगड किंवा पानशेतकडे निघायचे आहे आणि अधूनमधून टेकडीवरच्या मुरमाच्या वाटेलाही लागायचे आहे, त्याच्यासमोर बरीच शोधाशोध झाल्यावर बहुधा दोन पर्याय उरतात: अॅल्युमिनियमची सायक्लोक्रॉस आणि क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित) स्टीलची ग्रॅव्हल, म्हणजे डांबराबरोबर खडीच्या वाटांवरही चालणारी सायकल. यांपैकी पहिली माझी स्वतःची आहे. दुसरी माझ्या मावसभावाची. तो परगावी असताना एक अख्खा पावसाळा आणि त्यापुढचा उन्हाळा ती माझ्याकडे होती. पुढची मते त्या वापरावर बेतलेली आहेत. वजनकाटा किंवा घड्याळ लावून मी काही पडताळलेले नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दोन्ही सायकली दुरून सारख्या दिसतात, पण त्यांची घडण वेगळ्या कामांसाठी झाली आहे. सायक्लोक्रॉस ही बेल्जियम, नेदरलँड्सकडच्या हिवाळी चिखलात होणाऱ्या साधारण तासाभराच्या शर्यतीची सायकल. तिथे वाटेत ४० सेंटिमीटरपर्यंत उंचीचे फळ्यांचे अडथळे येतात, चढ आणि पायऱ्या येतात, आणि स्वार खाली उतरून सायकल खांद्यावर टाकून धावतो. त्यामुळे फ्रेमचा त्रिकोण मोकळा ठेवलेला असतो, केबली बहुधा वरच्या नळीच्या माथ्यावरून किंवा आतून नेलेल्या असतात आणि त्या नळीची खालची बाजू अनेकदा चपटी केलेली असते. ग्रॅव्हल मात्र दिवसभर खोगिरावर बसणाऱ्याची सायकल आहे: बॉटम ब्रॅकेट (पेडलांच्या दांड्यांचा आस) खाली, चाकांमधले अंतर जास्त, ४० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायरांना जागा, आणि कॅरियर, मडगार्ड, बाटल्या यांच्यासाठी जागोजागी आटे.

हा फरक पुण्यात पहिल्याच आठवड्यात जाणवतो. सायक्लोक्रॉसचा बॉटम ब्रॅकेट उंच असल्याने सिग्नलला खोगिरावर बसल्या बसल्या पाय टेकत नाही, आणि लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत अगदी हळू वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते. सवयीने दोन्ही गोष्टी अंगवळणी पडतात, पण त्या नाहीतच असे म्हणता येणार नाही.

सिंहगडाचा घाट हा ग्रॅव्हलच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा आहे. सायक्लोक्रॉसला पुढे सहसा ४६ आणि ३६ दात्यांच्या चकत्या येतात. गोळेवाडीपासून वर चढताना जिथे रस्ता एकदम अंगावर येतो, तिथे ३६ची चकती गुडघ्यांची परीक्षा पाहते. मावसभावाच्या सायकलीला पुढे ३० दात्यांची लहान चकती होती आणि त्याच वळणांवर मला श्वास राखून बोलता येत असे. मी पुढे माझ्या सायकलीला मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) बसवून घेतली. तिने बरेच भागते, सगळे नाही.

अॅल्युमिनियम हाडे खिळखिळी करते, अशी एक समजूत सायकलस्वारांमध्ये पक्की आहे. तिला आधार आहे, पण लोक मानतात तेवढा नाही. या धातूची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश आणि ताठरपणाही साधारण तेवढाच. ती उणीव भरून काढण्यासाठी नळीचा व्यास वाढवतात, आणि व्यास वाढला की नळीचा ताठरपणा झपाट्याने वाढतो. म्हणजे कडकपणा येतो तो जाड नळ्यांमुळे. पेठेतल्या पेव्हर ब्लॉकवर आणि काँक्रीटच्या रस्त्यांच्या सांध्यांवर मला दोन्ही सायकलींत जो फरक जाणवला, त्यातला मोठा वाटा टायरांचा असावा, कारण हवा थोडी कमी केल्यावर माझी ३३ मिलिमीटरची टायरेही पुष्कळ मवाळ झाली. मात्र साडेतेरा तासांच्या मुदतीच्या २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला) निघालात, तर शेवटच्या टप्प्यात तळहात कोणत्या सायकलीवर कमी बधिर होतात, याचे उत्तर स्टीलची ग्रॅव्हल असेच द्यावे लागेल. वेताळ टेकडीच्या सुट्या खड्यांवरही रुंद टायर अधिक भरवशाचे वाटते. काळ्या मातीच्या चिखलात मात्र सायक्लोक्रॉस वरचढ ठरते, कारण ३३ मिलिमीटरच्या टायराभोवती फ्रेममध्ये चिखल निघून जायला मुद्दाम जागा सोडलेली असते; रुंद टायर घातलेल्या ग्रॅव्हलचे मागचे चाक त्याच चिखलात जाम होऊन बसते.

स्टील दुरुस्त होते, अॅल्युमिनियम होत नाही, हा युक्तिवाद पुस्तकात शोभतो. वेल्डिंगनंतर अॅल्युमिनियमच्या फ्रेमला पुन्हा उष्णता-प्रक्रिया द्यावी लागते, आणि ती सोय गल्लीत नसते, हे खरे. पण क्रोमोलीच्या पातळ नळीला खिडक्यांची ग्रिल जोडणारा कारागीर हात लावील तर नळीला भोक पडण्याचीच शक्यता अधिक. गंजाचे म्हणाल, तर पावसाळ्यात स्टीलच्या नळ्यांच्या आतून गंजरोधक तेल द्यावे लागते आणि तळाचे छिद्र मोकळे ठेवावे लागते. अॅल्युमिनियमला ते नको, मात्र सीटपोस्टला (खोगिराच्या दांड्याला) ग्रीस लावले नाही तर तो नळीत असा धरतो की हलता हलत नाही.

माझ्यापुरता निकाल लागला तो जिन्यामुळे. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि खालच्या मोकळ्या जागेत महागडी सायकल रात्रभर ठेवण्याची हिंमत होत नाही. मावसभावाची सायकल दोनएक किलोंनी जड असेल, पण कटकट वजनाची नव्हती; तिला धरायचे कुठे हा प्रश्न होता. वरची नळी उतरती असल्याने त्रिकोण लहान, त्यात दोन बाटल्यांचे पिंजरे, म्हणून खांदा आत शिरत नसे. मग एका हाताने नळी आणि दुसऱ्या हाताने हँडल धरून ती पोटाशी घेऊन चढायचे. प्रत्येक वळणावर मागचे मडगार्ड भिंतीचा रंग खरवडायचे, पेडल नडगीला लागायचे, आणि पावसाळ्यात टायरांचा चिखल समोरच्या काकूंनी दारात काढलेल्या रांगोळीवर ठिबकायचा. काकू काही बोलत नसत, पण दुसऱ्या दिवशी रांगोळी भिंतीकडे सरकलेली असे. दिवसभराच्या कामानंतर हा जिना समोर आला की सायकल काढण्याचाच कंटाळा येऊ लागला, आणि माझ्या मते कोणत्याही सायकलीचा याहून मोठा दोष नाही. सायक्लोक्रॉस त्रिकोणातून हात घालून खांद्यावर टाकता येते. पुढचे चाक आवरायला त्याच हाताने हँडल धरले की दुसरा हात किल्ल्यांना आणि दुधाच्या पिशवीला मोकळा राहतो. बेल्जियमच्या चिखलासाठी केलेली सोय सदाशिव पेठेच्या जिन्यात इतकी कामी यावी, याची मला आजही गंमत वाटते.

या सोयीची किंमतही आहे. सीट ट्यूबवरचा (खोगिराखालच्या नळीवरचा) पिंजरा मी काढून टाकला आहे, त्यामुळे फ्रेमवर एकच बाटली उरते, आणि एप्रिलमध्ये पानशेतच्या रस्त्याला ती पुरत नाही. दुसरी खोगिरामागे अडकवावी लागते. मडगार्डला आटे नसल्याने पावसाळ्यात पट्ट्याने बांधायची मडगार्डे वापरतो, आणि ती आटे असलेल्या मडगार्डांइतका चिखल अडवत नाहीत.

ज्यांच्याकडे लिफ्ट आहे किंवा खाली कुलूपबंद जागा आहे, आणि ज्यांना सामान लादून लांबचा पल्ला गाठायचा आहे, त्यांनी ग्रॅव्हल घ्यावी, यात मला शंका नाही. जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मात्र सायक्लोक्रॉस एकदा खांद्यावर टाकून पाहावी असे सुचवावेसे वाटते. जुनी घेत असाल तर कँटिलिव्हर ब्रेकची, म्हणजे रिमवर रबर दाबून थांबवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ब्रेकची, टाळलेली बरी. सायक्लोक्रॉसच्या शर्यतींत यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेने डिस्क ब्रेकला परवानगी दिली ती २०१० मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक सायकली कँटिलिव्हरच्याच आहेत. पावसात बोपदेव घाट पुण्याच्या बाजूला उतरताना ओल्या रिमवर तो ब्रेक उशिरा धरतो, आणि पुढचा फोर्क थरथरतो तो वेगळाच. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) फ्रेमला ज्याने जोडलेला असतो तो हँगर सुटा मिळतो का, हेही व्यवहारापूर्वी विचारून घ्यावे, आणि मिळत असेल तर त्याच वेळी एक जास्तीचा घेऊन ठेवावा, कारण प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो आणि नेमका आपला दुकानात असेलच असे नाही.