पेटीवर ‘शोदो’, आत चिनी सामान, कागद मात्र गायब

ऑनलाइन मिळणारी ही रेशमी अस्तराची पेटी ‘शोदो सेट’, म्हणजे कुंचल्याने सुलेखन करायचा जपानी संच म्हणून विकतात. आत बांबूच्या दांडीचे दोन कुंचले, शाईची कांडी, ती उगाळायचा दगड, छोटा चमचा, कोरा शिक्का आणि लाल शाईची डबी. सामान चिनी, नाव जपानी. या कलेच्या नावातलं ‘लेखन’ हे पहिलं अक्षर चीन, जपान, कोरिया तिन्ही देशांत एकच. त्याला चीनमध्ये ‘पद्धत’ जोडून शूफा होतं, जपानमध्ये ‘मार्ग’ जोडून शोदो, कोरियात ‘कला’ जोडून सॉये. पण शोदो म्हणून घ्याल, तर जपानी शाळकरी संचातलं कागदाखाली घालायचं लोकरी कापड आणि कागदावर ठेवायची वजनदार पट्टी यात नाही. झाकणावर चिनीत ‘अभ्यासिकेची चार रत्नं’ लिहिलंय: कुंचला, शाई, कागद, दगड. (कोरियात हेच चौघे ‘चार मित्र’.) त्यातला कागदच पेटीत नाही!

मोठा कुंचला बरा आहे. केस बकरीचे, मऊ, पाणी भरपूर धरणारे. नवशिक्याच्या हाताला मात्र लवकर दाद देत नाहीत. टोक खळीने कडक केलेलं असतं. ते कोमट पाण्यात भिजवून बोटांनी हळूहळू मोकळं करा. उकळतं पाणी वापरलंत तर मुळाशी चिकटवलेले केस सुटतात. धुतल्यावर टोक खाली ठेवून टांगा. उभा ठेवला तर पाणी दांडीत मुरतं आणि बांबू तडकतो.

खरी रड दगडाची. चंदनाची सहाण गुळगुळीत झाली की गंध निघत नाही, तसंच इथे. पॉलिश इतकं चढवलंय की कांडी नुसती घसरते. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून दगडावर फिरवला की काम भागतं. मग अर्धा चमचा पाणी घाला, कांडी उभी धरा आणि जोर न लावता गोल फिरवत राहा. काळी, किंचित दाट शाई व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. काम झालं की कांडी लगेच पुसा. ती काजळी आणि प्राण्यांच्या सरसाची बनते (शाकाहारी घरांनी हे आधी लक्षात घ्यावं), त्यामुळे ओली राहिली तर दगडाला चिकटते, नंतर चिरते. कोकणच्या पावसाळ्यात तिला बुरशीही धरते. उरलेली शाई दुसऱ्या दिवशी वापरू नका, वास येतो.

कागद वेगळा घ्यावाच लागेल. झेरॉक्सचा कागद शाई पित नाही, वर सुरकुततो. सरावाला जुनं वर्तमानपत्र उत्तम, खाली जुन्या शालीची घडी. पुढे चीनच्या आन्हुई प्रांतातला ‘शुआन’ कागद घेतलात तर कच्चा की खळीचा, ते विचारा. कच्च्यावर कुंचला क्षणभर थांबला तरी डाग पसरतो.

शिक्क्याचा दगड मऊ आहे, लहान पटाशीने सहज कोरता येतो. नाव उलटं कोरा.