जुन्या एफ-१०० चा स्टिअरिंगवरचा गिअर: बुश बदलून अख्खा हिवाळा चालवल्यावर

गाडी १९७७ ची फोर्ड एफ-१०० पिकअप, सहा सिलेंडरचं ३०० क्युबिक इंचाचं इंजिन, म्हणजे आपल्या हिशोबाने ४.९ लिटर, आणि गिअर तीन, दांडा स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला. आम्ही राहतो ओहायोत, रस्त्यावरच्या मिठाने गाडीचं खालचं अंग बरंच खाल्लंय पण इंजिन ठणठणीत. मुंबईत ज्यांनी पद्मिनी चालवलीय त्यांना स्टिअरिंगचा गिअर नवा नाही, पण तिला चार होते, हिला तीनच. दांडा आपल्याकडे ओढून खाली केला की पहिला, वर केला की रिव्हर्स, आणि न ओढता वर दुसरा, खाली तिसरा.

आता दुखणं. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना दांडा मधेच अडकून बसायचा, ना इकडे ना तिकडे, आणि न्यूट्रलला असला की लटलट हलायचा. इथले लोक सहसा हॉर्न मारत नाहीत, पण सिग्नल हिरवा होऊनही गाडी हलेना म्हटल्यावर तेही मारतातच. मग उतरा, बॉनेट उघडा, स्टिअरिंग कॉलमच्या बुडाशी दोन लीव्हर असतात ते हाताने एका रेषेत आणा, बॉनेट आपटा आणि निघा. एका गॅरेजवाल्याने तर बघताक्षणी गिअरबॉक्सच खाली घ्यायला सांगितला. म्हटलं थांबा.

कारण गिअरबॉक्सचा यात काही संबंधच नव्हता. त्या दोन लीव्हरपैकी एक पहिला-रिव्हर्स सांभाळतो, उरलेला दुसरा-तिसरा गिअर, आणि दोन्हींपासून एकेक रॉड गिअरबॉक्सकडे जातो. आपण दांडा ओढतो तेव्हा कॉलममधली नळी सरकते आणि तिचा खुंट या किंवा त्या लीव्हरच्या खाचेत बसतो. लीव्हरचे बुश (लीव्हर ज्यावर फिरतो त्या छोट्या रिंगा) झिजले की लीव्हर तिरपे होतात, खाचा समोरासमोर येत नाहीत आणि खुंट दोघांच्या मधे फसतो. बायकोला आत बसवून दांडा हलवायला सांगितलं आणि मी टॉर्च घेऊन बॉनेटखाली बघत होतो, वरून दांडा चांगला तळहातभर फिरतोय आणि खाली लीव्हर नुसता मान वाकडी करतोय, रॉड जागचा हलत नाही! जुन्या बुशची तर नुसती पिवळी चकती उरली होती, बोटाने दाबली तर भुगा.

पितळी बुशचा किट मागवला, रॉडच्या टोकांना मात्र मुद्दाम नायलॉनचेच घातले, तिथे धातू घातला की खडखड येते असं माझं मत. बसवताना वेळ गेला तो गंजलेल्या क्लिपा काढण्यात. सेटिंग सोपं आहे: गिअरबॉक्सवरचे दोन्ही लीव्हर न्यूट्रलला, रॉडचे नट ढिले, कॉलमखालच्या लीव्हरच्या भोकांमधून ३/१६ इंचाची पिन आरपार (मी ड्रिलचा बिट वापरला), मग नट आवळायचे आणि पिन काढायची. पिन काढायला विसरू नका बरं. आणि हे सगळं करायच्या आधी क्लचचा फ्री प्ले (पेडलचा सुरुवातीचा मोकळा खेळ) बघा, क्लच नीट सुटत नसेल तर लिंकेज, म्हणजे ही लीव्हर-रॉडची जोडणी, कितीही सरळ केलं तरी गिअर कडकच पडणार.

आता इतके महिने झाले, रोज कामावर, वीकेंडला लाकडं, माती, एकदा मित्राचा फ्रीज, आणि दांडा एकदाही अडकलेला नाही. दुसरा गिअर आता दोन बोटांनी पडतो. कडाक्याच्या थंडीत सकाळी पहिले काही मिनिटं जड जातो, पण ते ग्रीस घट्ट झाल्यामुळे, मी पांढरं लिथियम ग्रीस लावलंय. पितळेला ग्रीस लागतंच, मधे कोरडं पडलं होतं तेव्हा चिवचिवायला लागलं, नायलॉनला हा ताप नसतो.

किटने सगळं सुटतं असं मात्र नाही. स्टिअरिंगखाली दांडा ज्या कॉलरमधे बसतो ती डायकास्टची (साच्यात ओतलेल्या धातूची) आहे, पिनचं भोक लांबट झालंय, त्यामुळे वरचा थोडा हलका खेळ तसाच आहे. किटवाले जाहिरातीत "नव्यासारखा गिअर" म्हणतात ते याच्यामुळे अर्धंच खरं. कॉलर बदलायची तर स्टिअरिंग व्हील उतरवावं लागतं, ते उन्हाळ्यात बघू.

बरेच जण म्हणतात हे सगळं काढून खाली फ्लोअर शिफ्टर बसव. अरे पण मग बाकड्यासारख्या सीटवर मधे तिसरा माणूस बसायचा कुठे, आमचा मुलगा तिथेच बसतो. अमेरिकेत पिकअपला हा गिअर १९८० च्या दशकापर्यंत मिळत होता तो काही उगाच नाही. ज्यांचा दांडा अडकतोय त्यांनी गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी कुणाला तरी आत बसवून कॉलमचं बूड बघा, आणि किट घेताना क्लिपा सोबत येतात का ते विचारा, माझ्यात नव्हत्या.