रिपरने पुरलेली पाइपलाइन: पैसे तीन फुटांचे, काम दीड फुटाचे

वाळवा तालुक्यातील आमच्या उसाच्या रानात विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत पाण्याचा पाइप आणि त्याच्या सोबतीने मोटारीची केबल पुरण्याचे काम एका ठेकेदाराने घेतले आणि त्यात आमची फसवणूक केली. ती कशी झाली हे तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण रिपरच्या कामात फसवणूक झाकून ठेवण्याची सोय आयतीच असते.

जेसीबीने चर खोदला तर तो काही काळ उघडा राहतो. त्यात उतरून टेपने खोली मोजता येते, तळाला पाइप दिसतो आणि मगच माती लोटली जाते. रिपरचे तसे नाही. ट्रॅक्टरमागचा जाड पोलादी दात जमीन चिरत पुढे जातो, त्याच्या मागोमाग पाइप आत सरकतो आणि माती लगेच मिटते. वर फक्त एक फुगलेली रेघ उरते. या पद्धतीचे फायदे खरे आहेत. काम लवकर होते, रान कमी बिघडते आणि खालचा मुरूम वरच्या काळ्या मातीत मिसळत नाही. ठेकेदाराने हे सारे सांगून जेसीबीपेक्षा कमी दर दिला आणि तीन फूट खोली कबूल केली. दाताच्या टोकापासून तीन फुटांवर पिवळा पट्टा मारलेला होता. तो जमिनीला टेकला की खोली पूर्ण झाली, असे त्याने आम्हा सर्वांसमोर दाखवले. विहिरीजवळच्या खड्ड्यातून काम सुरू झाले तेव्हा पट्टा खरोखरच जमिनीला टेकलेला होता.

खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांपासून घेतलेले पीक) निघाल्यावर रानात सबसॉयलर, म्हणजे खालची घट्ट माती फोडणारे अवजार, घातला आणि त्याच्या दाताने पाइप फाडला. मग आम्ही ओळीवर ठिकठिकाणी खड्डे घेतले. विहिरीजवळ पाइप तीन फुटांवर होता, थोडे पुढे गेल्यावर दोन फुटांवर आणि मधल्या कठीण पट्ट्यात जेमतेम दीड फुटावर. जिथे आम्ही उभे राहून पाहत होतो तेवढेच काम करारानुसार झाले होते.

यामागचे यंत्राचे कारण प्रत्येक शेतकऱ्याने समजून घ्यावे. ट्रॅक्टरच्या अवजार उचलणाऱ्या हायड्रोलिकला साधारणपणे दोन नियंत्रणे असतात. पोझिशन कंट्रोल अवजाराला ट्रॅक्टरच्या मानाने ठरलेल्या उंचीवर धरून ठेवते. ड्राफ्ट कंट्रोलमध्ये मात्र मातीची ओढ वाढली की हायड्रोलिक अवजाराला आपोआप वर उचलते, म्हणजे इंजिन दबत नाही आणि चाके जागेवर फिरत नाहीत. नांगरटीसाठी ही सोय उत्तम आहे, पण पाइप पुरताना तिचा अर्थ एवढाच की जमीन जिथे कठीण तिथे पाइप उथळ. आमच्याकडे आणलेला ट्रॅक्टर तीन फुटांवरचा दात काळ्या रानातून ओढण्याच्या ताकदीचाच नव्हता. त्या ठेकेदाराकडे पूर्वी काम केलेल्या एका चालकाने नंतर सांगितले की रानाचा मालक बांधावरून हलला की लिव्हर ड्राफ्टवर टाकायचे आणि तरीही ट्रॅक्टर अडला तर दात हाताने वर घ्यायचा, अशी त्यांना सूचनाच असे. डिझेल वाचते, दिवसात जास्त फूट होतात आणि बिल मात्र पूर्ण खोलीचे लागते. याला मी चूक म्हणणार नाही. ही ठरवून केलेली चोरी आहे.

पाइप घालण्याची रीतही बदललेली होती. एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाइपचे वेटोळे ट्रॅक्टरवर ठेवून दातामागच्या नळीतून तो सैल सोडायचा, असे ठरले होते. प्रत्यक्षात पाइपचे टोक दाताच्या तळाशी बांधून तो जमिनीतून फरफटत नेला गेला. असा ओढलेला पाइप ताणला जातो, नंतर हळूहळू आखडतो आणि ती सारी ओढ जोडांवर येते. शिवाय मुरुमातले खडे त्याला कोरतात. आमच्या पाइपच्या अंगावर लांबच लांब ओरखडे निघाले.

केबलची गोष्ट याहून गंभीर आहे. अखंड केबल टाकण्याचे पैसे घेतले होते, पण खड्ड्यात तिला जोड सापडला आणि तो साध्या चिकटपट्टीने गुंडाळून ओल्या मातीत तसाच सोडलेला होता. पाणी सुरू असताना रानात अनवाणी फिरणाऱ्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे.

याच ठेकेदाराने शेजारचा तुकडा खालची घट्ट माती रिपरने फोडून मोकळा करण्याचेही काम केले. वाफसा, म्हणजे मातीतला बेताचा ओलावा, पेरणीला चांगला, पण खालचा थर ओला असताना दात मातीला तडे न पाडता नुसती चीर पाडतो आणि तिच्या भिंती चोपून गुळगुळीत करतो. हे काम एप्रिल-मे महिन्यांत, जमीन खोलवर वाळल्यावरच करून घ्यावे आणि ओळीला आडवा खड्डा घेऊन तडे बाजूला पसरले आहेत का ते पाहावे.

पाइप पुरून घेणाऱ्यांनी करारात खोली लिहून घ्यावी आणि ती रानाच्या मूळ पातळीपासून पाइपच्या माथ्यापर्यंत मोजायची, हेही त्यात स्पष्ट करावे. तपासणीचे खड्डे कुठे घ्यायचे ते आपण ठरवावे, ठेकेदाराने नव्हे, आणि मोठी रक्कम त्या मोजणीनंतरच द्यावी. पाणी सोडून दाबाची चाचणी जरूर घ्यावी, पण त्या चाचणीत उथळ पाइपही उत्तीर्ण होतो हे ध्यानात ठेवावे. पाइपवर छापलेला आयएसआयचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. तो पाइप जमिनीत जाण्यापूर्वीच तपासावा.

पक्के बिल घ्याच. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते आणि सेवेसाठी दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. आम्ही प्रत्येक खड्ड्यात टेप धरून छायाचित्रे काढली आणि शेजाऱ्यांसमक्ष पंचनामा लिहून घेतला. तक्रारीला तोच आधार आहे.

ज्यांच्या रानात असे काम आधीच झाले आहे, त्यांनी पुढच्या खोल नांगरटीपूर्वी मोटारीचा वीजपुरवठा बंद करून ओळीवर कुदळीने जपून खड्डे घ्यावेत. कठीण पट्टा आणि ट्रॅक्टर वळलेली टोके आधी पाहावीत, कारण दात सर्वांत लवकर तिथेच वर उचलला जातो.